हरणांना नोटीस

हरणमावशींकडे जायचं तर दोन दिवस आधीपासून साबण बंद करावा लागे. शाम्पू नाही, डिओडरंट नाही, केसांना तेल नाही. पहिल्यांदा त्यांनी फोनवर हा नियम सांगितला तेव्हा मला वाटलं, बाई एकटी राहते, वय झालंय, असेल काहीतरी सोवळ्याओवळ्याचं. मी आपला अंगभर साबण लावून, वर आफ्टरशेव्ह मारून, ट्रेन आणि बस बदलत बदलत नॉटिंगहॅमहून स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मावशींनी दार उघडलं, माझ्याकडे बघायच्या आधी हवेत नाक वर केलं आणि म्हणाल्या, "अरे, तू आलायस हे डोंगरापलीकडच्या हरणांना माझ्याआधी कळलं असणार. आता वीकेंडभर घरात बसून पुस्तकं वाच." आणि खरंच त्यांनी मला उंबऱ्याबाहेर नेलं नाही. खायला मात्र भरपूर घातलं.

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. आईची साताऱ्याची शाळेतली मैत्रीण. डॉक्टर होऊन तरुणपणी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरीला आल्या आणि काही वर्षांनी तिथून उठून हायलँड्समधल्या एका दरीत जीपी म्हणून गेल्या. दरीत एक तळं, एक रस्ता, एक शाळा, थोडी शेतकऱ्यांची घरं, आणि बाकी सगळा डोंगर. तिथे दवाखाना चालवायला कुणी तयार नव्हतं. "अर्ज करणारी मी एकटीच, त्यामुळे कमिटीला फार डोकं चालवावं लागलं नाही," असं त्या सांगत. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की म्हणत, "दरीतल्या सगळ्या पुरुषांच्या मेडिकल हिस्टरीज मला पाठ होत्या रे. मग कुठलं लग्न."

मी फिजिओथेरपिस्टची नोकरी धरून नॉटिंगहॅमला आलो तेव्हा आईनं निघताना एकच काम सांगितलं होतं, "तिच्याकडे जाऊन येत जा. ती बोलावणार नाही, पण तू जा." आईचा अंदाज निम्मा चुकला. मावशींनी पहिल्याच महिन्यात बोलावलं. मात्र माझ्यासाठी नाही, गोड्या मसाल्यासाठी. "येताना वेम्बलीला चक्कर मारून ये. ईलिंग रोडवर कोकम चांगलं मिळतं तेही आण," असं त्या म्हणाल्या. नॉटिंगहॅमहून स्कॉटलंडला जाताना लंडनची वेम्बली वाटेत लागत नाही, ती बरोब्बर उलट्या दिशेला आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हरणमावशी हे नाव हॅरोच्या गणपतीत पडलं. दरवर्षी त्या गणपतीला दरीतून खाली लंडनला यायच्या. नेसायला उत्तम नारायणपेठ, वर शिकारीचा मेणकापडाचा कोट आणि हातात थंड राहणारी पेटी. एका वर्षी ती पेटी त्यांनी हॉलच्या किचनमधल्या फ्रीजमध्ये मोदकांच्या शेजारी ठेवली. एका काकूंनी प्रेमानं विचारलं, "काय आणलंय हो तुम्ही?" मावशी म्हणाल्या, "हरीण. मीच मारलंय, अगदी फ्रेश आहे." पुढे काय झालं ते मंडळातली मंडळी अजून आपापल्या परीनं सांगतात. मोदक बाहेर काढले, फ्रीज धुतला, पेटीची रवानगी गाडीत झाली. पण आरती संपल्यावर तीन-चार काका हळूच गाडीपाशी गेले होते, आणि पेटी रिकामी झाली, हेही तितकंच खरं. तिथे जन्मलेली पोरं तर त्यांच्या मागेच असत. "मावशी, तुमचा बंदूक कुठे आहे?" असं एकानं विचारलं तर मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "माझा बंदूक घरी आहे, कपाटात, पोलिसांच्या परवानगीनं."

अंडंसुद्धा परसदारी खाल्लं जाई अशा घरात वाढलेली ही बाई शिकारीकडे वळली ती हौसेनं नव्हे. दरीतल्या पहिल्या वसंतात बर्फ वितळलं आणि ओढ्याच्या काठी हरणं मरून पडलेली दिसली. ती भुकेनं मेलेली होती. कॅलम नावाचा तरुण शिकारी तिथल्या डोंगराच्या खाजगी इस्टेटीवर नोकरीला होता. तिकडे अशा माणसाला स्टॉकर म्हणतात. पाहुण्यांना शिकारीला नेणं हे त्याचं वरवरचं काम, खरं काम हरणांवर नजर ठेवणं आणि हिवाळ्याआधी कुठली काढायची ते ठरवणं. त्यानं मावशींना सांगितलं, लांडगे माणसांनी कधीच संपवले, आता हरणं गवतापेक्षा जास्त होतात, आणि उरलेला हिशेब थंडी करते. मावशी मला सांगत, "कुणाला वाचवायचं याची मला प्रॅक्टिस होती. कुणाला नाही, याची नव्हती. ती कॅलमकडून शिकले." त्या नेम धरायला शिकल्या, आणि एक नियम स्वतःचा स्वतः केला. जे मारायचं ते खायचं, वाया जाऊ द्यायचं नाही. हरणाच्या मटणात गोडा मसाला आणि कोकम घालून त्या जो रस्सा करत, त्याचा वास दवाखान्याच्या वेटिंगरूमपर्यंत जाई. लोक बरे असतानाही तपासून घ्यायला येत, असा कॅलमचा दावा होता.

दुसऱ्यांदा, साबणाशिवाय गेलो तेव्हा त्यांनी मला डोंगर दाखवला. मी ओल्या गवतातून पोटावर सरपटत होतो, पुढे कॅलम, मध्ये मावशी. डोंगरावर इंग्रजी बोलायचं नाही असा दोघांचा रिवाज होता. "इंग्रजीत फार स-स-श-श आहे, ते लांब ऐकू जातं," असं मावशींचं शास्त्र. खरं की खोटं देव जाणे, पण कॅलमला "थांब", "हळू", "खाली" आणि "नको" हे चार शब्द उत्तम येत. त्या सहा फुटी लालदाढीवाल्या माणसानं मागे वळून मला दबक्या आवाजात "खाली" म्हटलं तेव्हा मला हसू फुटलं, आणि समोरचा अख्खा कळप उधळला. मावशी रागावल्या नाहीत. "आज रस्सा नाही, वरणभात," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी कळप उधळला तरी एक गोष्ट दिसली. सगळ्यात पुढे एक थोराड मादी होती, डावा कान फाटलेला. ती ज्या बाजूला वळली त्या बाजूला बाकीच्या वळल्या. मावशी म्हणाल्या, "ती इथली आजी. हिवाळ्यात कुठे जायचं ते तिला माहीत आहे, तिला तिच्या आईनं दाखवलं, तिच्या आईला तिच्या आईनं. हिला मारायचं नाही. हिला मारलं तर बाकीच्या नुसत्या उभ्या राहतात." हिवाळ्यात त्या सगळ्या जात तळ्याच्या वरच्या टोकाच्या सपाटीवर. तिथे बर्चची जुनी राई होती, वारा अडत असे, बर्फ कमी साचे आणि झाडाखाली खायला काहीतरी उरे. उन्हाळ्यात अख्खा डोंगर हरणांचा, पण जगणं-मरणं त्या एवढ्याशा सपाटीवर ठरे.

तीच सपाटी पाण्यात जायची होती. तळ्याच्या तोंडाशी बंधारा घालून पाणी वर चढवायचं, वर डोंगरात दुसरं तळं करायचं, वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर न्यायचं आणि कमी पडेल तेव्हा खाली सोडून वीज करायची, अशी ती योजना. गावच्या हॉलमध्ये सभा झाली. योगायोगानं मी त्या आठवड्यात तिथे होतो. कंपनीची माणसं सभ्य होती, नकाशे छान होते, बिस्किटं त्याहून छान होती. मावशींचा विजेला विरोध नव्हता. "मीही सकाळी उठून किटली लावतेच," त्या म्हणत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हरणांचं काय?" एका तरुण इंजिनिअरनं अहवाल उघडून वाचलं की हरणं लगतच्या भागात स्थलांतर करतील अशी अपेक्षा आहे.

मावशी उभ्या राहिल्या. "आमच्या गावाकडे धरण झालं तेव्हा मी लहान होते," त्या म्हणाल्या, "लोकांना नोटिसा आल्या होत्या. पुष्कळांना वाचता येत नव्हत्या, पण आल्या होत्या. तरी पाणी चढलं त्या दिवशी लोक घरातच होते. तुमची अपेक्षा आहे हे हरणांना कोण कळवणार? आणि लगतचा भाग म्हणता तिथे तर कुंपण आहे." इंजिनिअर भला मुलगा होता, त्यानं अहवाल मिटला आणि म्हणाला, "डॉक्टर, कुंपणाचं मला ठाऊक नव्हतं."

कुंपण होतं ते तळ्याच्या पलीकडच्या उतारावर. तिथे इस्टेटीनं बऱ्याच वर्षांपूर्वी पाइनची लागवड करून, हरणांनी रोपं खाऊ नयेत म्हणून उंच जाळी मारली होती. आता झाडं मोठी झाली होती. ऊन मिळणारा, वारा अडवणारा, हिवाळ्याला अगदी योग्य असा तो उतार हरणांनी कधी पाहिलाच नव्हता. मावशींनी इस्टेटीच्या मालकांकडे खेटे घातले. त्यातल्या निम्म्या लोकांचा रक्तदाब त्यांनीच इतकी वर्षं सांभाळला होता, त्यामुळे नाही म्हणणं सोपं नव्हतं. शेवटी ठरलं की जाळीत एक वाट उघडायची. पाणी चढल्यावर दोन हिवाळे बघायचं. हरणं आत गेली तर उतार त्यांचा. नाही गेली तर ती भुकेनं रस्त्यावर आणि लोकांच्या शेतात उतरणार. मग दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस कळप मारून मूठभर ठेवायचा. आणि मारणार कोण, तर कॅलम आणि मावशी. दुसरं कुणी करायचं तर त्यांना तेही चाललं नसतं.

पाणी शरद ऋतूत चढलं, हळूहळू, आवाज न करता. जाळीत वाट उघडायचा दिवस आला तेव्हा मावशींनी मला मुद्दाम बोलावलं, आणि यादीत कोकमाबरोबर नारळ, कापूर आणि चांगल्या चंदनाच्या उदबत्त्या सांगितल्या. मी वेम्बलीहून सगळं घेऊन गेलो. नवीन वाट म्हणजे नवीन घराचं दारच की. मावशींनी वाटेच्या दोन्ही खांबांना हळदकुंकू लावलं, तेलाचं बोट ओढलं, नारळ फोडला, कापूर लावला. कॅलम टोपी काढून बाजूला उभा होता. खोबऱ्याचा तुकडा त्यानं दोन्ही हातांत घेऊन खाल्ला. त्यानंतर आठवड्यातून दोनदा मावशी तिथे वाळलेलं गवत टाकायला जात आणि प्रत्येक वेळी खांबापाशी एक उदबत्ती लावून येत. मला फोनवर सांगत, "आपल्याकडून काही कमी पडायला नको."

त्या हिवाळ्यात हरणं आत गेली नाहीत. ती जुन्या वाटेनं उतरली आणि पाण्याच्या काठी येऊन उभी राहिली. जानेवारीत मी गेलो तेव्हा मावशींनी दुर्बीण माझ्या हातात दिली. बर्चचे शेंडे पाण्याबाहेर दिसत होते आणि त्यांच्याकडे तोंड करून अख्खा कळप बर्फात उभा होता. त्या आधीच्या आठवड्यात दोन पाडसं पातळ बर्फावरून तिकडे निघाली होती. मावशी त्याबद्दल बोलल्या नाहीत, कॅलमनं मला सांगितलं. मी हॉस्पिटलात रोज दुखणी बघतो, पण त्या उभ्या राहिलेल्या माद्या मला बघवेनात. काय करावं ते मला कळेना, म्हणून मी मावशींच्या गुडघ्याबद्दल त्यांना रागावलो. गुडघा तेव्हाच गेलेला होता आणि त्या तो फरफटत डोंगर चढत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वाटेच्या समोरच्या टेकाडावर पडून होतो. ऊन होतं. फाटक्या कानाची ती थोराड मादी एकटीच गवताच्या दिशेनं आली. खूप जवळ आली. मग थांबली, नाक वर केलं, हवा हुंगली, आणि आल्या पावली वळून गेली. मावशी दुर्बिणीला डोळा लावून तशाच राहिल्या. मग उठून बसल्या आणि डोंगरावर कधी नव्हे ते मोठ्यानं बोलल्या. "चंदन," त्या म्हणाल्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं झालं होतं. पाहुण्यांच्या साबणाचा वास येतो म्हणून त्यांना घरात कोंडणारी बाई आपल्याच हातानं खांबांना तेल, कापूर आणि चंदन चोपडून, वर दर आठवड्याला त्याची उजळणी करत आली होती. मावशींनी कॅलमकडे पाहिलं.

"तुला कळलं नव्हतं?"

कॅलमनं मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी कळलं होतं, डॉक्टर."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तो तुमच्या धर्माचा भाग आहे. दुसऱ्याच्या धर्मात आपण कसं बोलायचं?"

मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाटलं आता त्या त्याला सोलून काढतात. पण त्या म्हणाल्या, "अरे बाबा, माझ्या धर्मात बोललेलं चालतं. दुसरं काही चालत नाही, पण बोललेलं चालतं." मग तिघंही हसलो, आणि त्या हसण्यात काही सुख नव्हतं. एक हिवाळा गेला होता. वसंतात ओढ्याकाठी जी पडलेली दिसली ती मावशींनी स्वतः मोजली, आकडा कुणाला सांगितला नाही.

पुढच्या वर्षी खांब उपटून टाकले. नवे खांब कॅलमनं एकट्यानं, हातमोजे घालून पुरले आणि मावशी उन्हाळाभर तिकडे फिरकल्या नाहीत. त्या घरात बसून डावपेच आखत होत्या. हरणांना मिठाची फार ओढ. कॅलमनं शरद ऋतूपासून मिठाच्या विटा जुन्या वाटेवर, पाण्याच्या काठी ठेवायला सुरुवात केली आणि दर थोड्या दिवसांनी त्या जरा पुढे, पलीकडच्या उताराच्या दिशेनं सरकवत नेल्या. "नोटीस वाचता येत नसेल तर जिभेवर ठेवायची," मावशी म्हणाल्या.

आणि नेमकं तेव्हाच गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. दुष्काळात तेरावा महिना. मावशी जायला तयार नव्हत्या. मी फोनवर म्हटलं, "मावशी, ही तारीख सोडली तर पुढची तारीख पुढच्या जन्मी." त्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या जन्मी गुडघे नवेच असतील." पण कॅलमनंच त्यांना गाडीत घालून नॉटिंगहॅमला आणून सोडलं. ऑपरेशन झाल्यावर त्या आमच्याकडे राहिल्या. पेशंट म्हणून त्यांच्यासारखा वाईट पेशंट मी पाहिलेला नाही. व्यायाम दाखवला की पालथ्या घड्यावर पाणी. मी कामावर गेलो की माझी बायको नेहा त्यांच्याकडून व्यायाम करून घेई, आणि तिचं मात्र ऐकत. "तू प्रोफेशनल आहेस," मला म्हणत, "ती दम देते."

रोज संध्याकाळी कॅलमचा फोन येई. मावशी फोन स्पीकरवर ठेवून नेहाच्या पोळ्यांच्या पिठात बोटानं दरीचा नकाशा काढत. आज मीठ अमुक ठिकाणी आहे. आज चाटलंय. आज आजी दिसली, वाटेपासून लांब उभी होती, परत गेली. मग बर्फ पडायला लागलं. दोन दिवसांनी कळप रस्त्यावर उतरला, एका शेतकऱ्याच्या गवतात शिरला, इस्टेटीच्या मॅनेजरचा कॅलमला निरोप आला की आता हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत थांबता येणार नाही, रायफली साफ करून ठेव, पुढच्या आठवड्यात सुरुवात करायची. त्या संध्याकाळी मावशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मला पोचवशील? तो एकटा करू शकणार नाही. आणि करायचंच असेल तर पहिली गोळी आजीला घालावी लागेल, म्हणजे बाकीच्या हलणार नाहीत. ती मी घालेन." कुबड्यांवरची बाई हे बोलत होती. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

आम्ही शुक्रवारी निघणार होतो. गुरुवारी फोन नेहमीपेक्षा लवकर आला, चहाच्या वेळेला. कॅलमचा आवाज फार बारीक येत होता, तो अजून डोंगरावरच होता.

"गेली," तो म्हणाला.

"कोण गेली?" मावशींचा हात पिठातच थांबला.

"आजी. आत. शेवटची वीट वाटेच्या आत होती. बराच वेळ उभी राहिली, हुंगत राहिली, मग मान खाली घालून गेली. तिच्या मागे सगळ्या. मी इथे पडून बघतोय. अजून जातायत, डॉक्टर, रांग संपलेली नाही."

फोन तसाच चालू राहिला आणि आम्ही तिघं कितीतरी वेळ त्या डोंगरावरचा वारा ऐकत होतो. नंतर मावशींनी पदराला हात पुसले आणि नेहाला म्हणाल्या, "पोळ्या राहू देत. भात टाक, आणि तूप जरा जास्त वाढ." इतकं जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जेवून झाल्यावर स्वतःहून पाय उचलून व्यायाम करायला लागल्या. म्हणाल्या, "चढायचंय आता मला."

चढल्या. त्यानंतरचे हिवाळे त्यांनी त्या उताराच्या समोर दुर्बीण घेऊन काढले. पाइनच्या साली हरणांनी थोड्या खाल्ल्या, मॅनेजरनं थोडी कुरकुर केली, मावशींनी त्याचं कोलेस्टेरॉल काढलं, तो गप्प झाला. शिकार कमी झाली पण थांबली नाही, रस्साही थांबला नाही. बंधाऱ्यावरच्या माणसांशीसुद्धा त्यांची गट्टी जमली. त्यांच्याबद्दल मनात काही ठेवलं नाही. "पाण्याशी भांडून काय करायचं. पाण्याचा शेजार धरला की झालं," असं म्हणत. इतकी समाधानी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी पेशंटना अजून सांगतो, गुडघ्याला कारण लागतं, नुसता व्यायाम पुरत नाही. ते मी कॉलेजात शिकलेलो नाही.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला न्यूमोनियाचं निमित्त झालं. मी पोचलो तेव्हा शुद्धीवर होत्या. ड्रिपकडे बघून म्हणाल्या, "औषध बरोबर दिलंय रे त्यांनी. पेशंट जुना आहे." दोन दिवसांनी गेल्या. सगळी दरी आली होती, बंधाऱ्यावरची माणसंही. अस्थी तळ्यात सोडायच्या हे मी गृहीत धरलं होतं, कंपनीनं बोटही देऊ केली होती. कॅलमनं मला बाजूला घेतलं. "पाण्यात नको, असं सांगून गेल्यात," तो म्हणाला. "म्हणाल्या, पाण्याला पुष्कळ मिळालंय. वर उतारावर टाक, मिठाच्या जागेजवळ. माद्या गाभण असतात तेव्हा त्यांना हाडांतला चुना लागतो, पडलेली शिंगंसुद्धा चघळतात त्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मी त्यांना खाल्लं."

आम्ही दोघं वर गेलो. पाइनच्या मुळाशी कॅलमनं बर्फ बाजूला केलं आणि मी अस्थी ठेवल्या. मला मंत्र येत नव्हते, त्यालाही त्याची प्रार्थना आठवेना. थोडा वेळ उभे राहिलो आणि उतरलो.

दहाव्या दिवशी साताऱ्याहून आईचा फोन आला. मैत्रीण गेल्यापासून ती रोज करत होती, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता. "दहावं नाही केलंत," ती म्हणाली. "तिकडे कोण करणार, कळतं मला. पण पिंड नाही, कावळा नाही. तिचं काही राहिलं असेल तर कळायचं कसं?" मी म्हटलं, "त्यांच्या मनासारखं ठेवलंय, आई." ती म्हणाली, "ते तू म्हणतोस."

चारच दिवसांनी कॅलमचा फोन आला. तो उतारावर जाऊन आला होता. मिठाची वीट तशीच होती, तिला कुणी तोंड लावलं नव्हतं. शेजारी पाइनच्या मुळाशी बर्फ तुडवलेलं होतं, खुरांच्या खुणाच खुणा, आणि जमीन खालच्या काळ्या मातीपर्यंत चाटून स्वच्छ केलेली. मी लगेच आईला फोन लावला आणि त्यानं सांगितलं तसंच सगळं तिला सांगितलं.

मग ती म्हणाली, "शिवला म्हणायचा," आणि जेवायला बसते म्हणून फोन ठेवला.